धर्मस्वातंत्र्याचा धनी कोण?

धर्मस्वातंत्र्याची मागणी करणारा आवाज आपल्या देशात बहुधा एखाद्या धर्मपीठावरून, मठातून अथवा जातपंचायतीच्या बैठकीतून येत असतो. आमच्या रूढींत हात घालू नका, आमचा अंतर्गत मामला आम्ही पाहून घेऊ, असे त्या आवाजाचे म्हणणे असते. आणि मतांची मोजदाद करणारे कोणतेही सरकार त्यापुढे सहसा मान तुकविते. परंतु भारताची राज्यघटना या विषयाचा आरंभ जेथून करते, तेथे कोणत्याही पीठाचे अथवा पंचायतीचे नाव नाही. पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिले आहे. संप्रदायांच्या हक्कांचा उल्लेख त्यानंतर, सव्विसाव्या अनुच्छेदात येतो. संप्रदायाचा प्रमुख आणि त्याच संप्रदायातील एकटा माणूस यांच्यात तंटा उभा राहिला, तर हे स्वातंत्र्य कोणाच्या पदरात टाकावयाचे? राज्यघटना अमलात आल्यापासून हा प्रश्न न्यायालयांपुढे वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा आला आहे आणि त्याचे अखेरचे उत्तर देण्याचे दर वेळी थोडेसे पुढे ढकलले गेले आहे.

या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर ज्यांनी आपल्या वकिलीतून आणि न्यायासन सोडल्यानंतरच्या प्रदीर्घ सार्वजनिक कार्यातून दिले, ते न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे मूळचे सासवडचे. बारामती, इंदापूर आणि सासवड ज्यात येते तो पुरंदर, हे तिन्ही तालुके लोकसभेच्या एकाच बारामती मतदारसंघात मोडतात. निवडणूक आली की या मतदारसंघाचे नाव देशभर गाजते. ऊस, पाणी, दूध, कारखाने आणि पुढाऱ्यांची नातीगोती यांवर रकानेच्या रकाने भरतात. सत्तेच्या जवळ जाण्याची कला ज्या मुलखाने इतकी आत्मसात केली, त्याच मुलखाने सत्तेसमोर उभे राहणे हाच आपला व्यवसायधर्म मानणारा एक कायदेपंडितही देशाला दिला, याचे स्मरण त्या धामधुमीत क्वचितच होते. तारकुंडे यांचा जन्म ३ जुलै १९०९ चा; २२ मार्च २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे मोल करताना केवळ गौरवाचे शब्द पुरेसे नाहीत. त्यांनी धरलेला विचार या तालुक्यांच्या मातीला लावून पाहिला, तरच त्याचा कस लागेल.

कायद्याच्या कागदावर व्यक्तीचे नाव लिहिणे निराळे आणि त्या व्यक्तीला प्रत्यक्षात उभे राहता येणे निराळे, हा धडा या मातीने एकोणिसाव्या शतकातच दिलेला आहे. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमीनमोजणीची आणि सारा-आकारणीची सुधारलेली पद्धत अमलात आणली, आणि पुढे तीच मुंबई इलाख्यातील रयतवारीचा नमुना ठरली. सरकारदप्तरी प्रत्येक खातेदार स्वतंत्र झाला; जमीन त्याच्या नावावर आणि साराही त्याच्याच नावावर. पण हाच स्वतंत्र खातेदार एकटा सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसला, तेव्हा त्याचे स्वातंत्र्य अंगठ्याला लागलेल्या शाईपुरतेच उरले. रोख्यात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते, आणि दिवाणी न्यायालय त्या रोख्यावरील अंगठा पाहून हुकूमनामा देत होते. या असंतोषाचा स्फोट १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी झाला. तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेले हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि पाहता पाहता हे लोण पुणे व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्या कायद्याने शेतकरी कर्जमुक्त झाला असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्यातील एक तत्त्व मोलाचे होते. न्यायालयाने केवळ रोखा पाहून न थांबता रोख्याच्या मागे जावे, मूळ कर्ज किती, व्याज किती, व्यवहार कोणत्या परिस्थितीत झाला हे तपासावे, असे कायद्याने सांगितले. अंगठा उठविला आहे म्हणजे संमती आहे, हे गृहीतकच त्याने बाजूला सारले. एका बाजूला सर्व बळ आणि दुसऱ्या बाजूला केवळ गरज असेल, तर अशा दोघांत झालेल्या कराराला संमतीचे नाव देता येत नाही, ही त्यामागील दृष्टी. जात आणि धर्म यांच्या नावाने जी संमती गृहीत धरली जाते, तिलाही हीच दृष्टी लावली पाहिजे. तारकुंडे यांच्या धर्मस्वातंत्र्यविषयक कार्याचे मर्म नेमके हेच आहे.

त्यांचे वडील महादेव राजाराम तारकुंडे हे सासवडचे वकील आणि समाजसुधारक. १९२५ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविलेल्या या विद्यार्थ्याने पुण्याच्या शेतकी कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९२९ मध्ये शेतकीची पदवी मिळविली. पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. परतल्यावर पुण्यात वकिली करीत असतानाच त्यांनी आपला बराच वेळ भोवतालच्या खेड्यांतील कामासाठी दिला. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी त्यांना ओढून घेतले. १९४२ मध्ये चालती वकिली सोडून ते पूर्ण वेळ राजकीय कार्यात उतरले आणि १९४४ मध्ये रॉय यांच्या रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस झाले. १९४८ मध्ये रॉय यांनी हा पक्षच विसर्जित केला, तेव्हा तारकुंडे मुंबईत पुन्हा वकिलीकडे वळले. १९५७ ते १९६९ या काळात ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. राष्ट्र, वर्ग, जात आणि धर्म ही सारी माणसाची साधने आहेत, माणूस त्यांचे साधन नव्हे, हा नवमानवतावादाचा सिद्धान्त त्यांनी आयुष्यभर उराशी धरला. नीतीला परलोकाचा आधार लागतो असे ते मानीत नव्हते. अशा माणसाने श्रद्धावंतांच्या स्वातंत्र्यासाठी झटावे, यात वरवर पाहणाऱ्यास विसंगती वाटेल. वस्तुतः त्यात पूर्ण सुसंगती आहे. श्रद्धा ठेवण्याचा अधिकार आणि ती नाकारण्याचा अधिकार ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. एक अंग पुसले तर नाणेच खोटे ठरते.

न्यायासनावरून उतरलेल्या न्यायमूर्तींनी लवाद आणि सल्लामसलत यांत उर्वरित आयुष्य सुखाने काढावे, असा आपल्याकडील रिवाज आहे. तारकुंडे यांनी तो पाळला नाही. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही संघटना स्थापन केली, तिच्या कामाचा भार त्यांनी उचलला. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, नागरी स्वातंत्र्यासाठी जी देशव्यापी संघटना उभी राहिली आणि पुढे ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या नावाने ओळखली गेली, तिच्या संस्थापकांतही ते अग्रभागी होते. मिसाखाली डांबलेल्या स्थानबद्धांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणाऱ्या वकिलांत तारकुंडे होते. देशातील अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने, आणीबाणीत नागरिकाला आपल्या स्वातंत्र्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निर्णय दिला. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, हे महाराष्ट्राला विसरता येण्याजोगे नाही.

या लढ्यातील भूमिका आणि धर्मस्वातंत्र्याविषयीची भूमिका यांचा संबंध पुढच्याच पर्वात स्पष्ट झाला. १९४९ मध्ये मुंबई सरकारने कोणालाही समाजातून वाळीत टाकण्यास बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करण्याचा अधिकार हा संप्रदायाच्या अंतर्गत कारभाराचा भाग होय, असे बहुमताचे म्हणणे पडले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. बहिष्कृताला केवळ प्रार्थनास्थळ बंद होत नाही, त्याचे नागरी जीवनच हिरावले जाते आणि म्हणून त्याच्या मानवी प्रतिष्ठेचे रक्षण करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, अशी त्यांची भूमिका होती. आणीबाणीनंतर बोहरा समाजातील सुधारकांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती नथवानी यांच्या अध्यक्षतेखाली एक बिनसरकारी आयोग नेमण्यात आला. तारकुंडे हे त्याचे एक सदस्य होते. धर्मपीठाचा विरोध असतानाही आयोगाने साक्षी घेतल्या आणि १९७९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. बहिष्कृत कुटुंबाशी सग्यासोयऱ्यांनी संबंध तोडणे, लग्नकार्यात आणि दफनविधीत अडथळे येणे, धर्मगुरूंवरील निष्ठेच्या शपथेचा आधार घेऊन ऐहिक व्यवहारांतही आज्ञापालनाची अपेक्षा करणे, या गोष्टी त्या चौकशीच्या केंद्रस्थानी होत्या. शपथ घेतली आहे म्हणजे संमती आहे, हा युक्तिवाद येथे पुन्हा समोर आला. सुप्याच्या सावकाराचा रोखा आणि धर्मपीठापुढील शपथ या दोन गोष्टी एक नव्हेत, हे उघड आहे. शपथेमागे खरीखुरी भक्ती असू शकते, रोख्यामागे ती नसते. तथापि शपथ मोडणाऱ्याच्या घरच्या मातीला खांदेकरी मिळणार नसतील, तर ती शपथ कितपत स्वेच्छेची, हे विचारण्याचा अधिकार कायद्याला असलाच पाहिजे.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. धर्माच्या अंतर्गत कारभारात शिरण्याची मुभा एकदा सरकारला दिली, की बहुसंख्याकांच्या मतांवर निवडून आलेले सरकार सुधारणेच्या नावाखाली अल्पसंख्याकांची गळचेपी करील. सव्विसावा अनुच्छेद हे त्याविरुद्धचे कवच आहे. ते भेदले तर दुबळ्या समाजाने आसरा कोठे शोधावा? या आक्षेपाला तारकुंडे यांनी व्याख्यानातून नव्हे, तर कृतीतून उत्तर दिले. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांचे शिरकाण झाले आणि पंजाबात दहशतवाद व दडपशाही यांच्या कात्रीत सामान्य माणूस सापडला. तेव्हा ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ने पंजाबातील अत्याचारांवर १९८५ मध्ये अहवाल काढला, त्याची प्रस्तावना तारकुंडे यांची होती आणि सरकारने त्या अहवालावर बंदी घातली. म्हणजे जो माणूस एका अल्पसंख्य समाजातील सामान्य व्यक्तीची बाजू घेऊन तिच्या धर्मपीठापुढे उभा राहिला, तोच माणूस दुसऱ्या अल्पसंख्य समाजाची बाजू घेऊन सरकारपुढे उभा राहिला. दोन्ही ठिकाणी अशील एकच होते: बळापुढे एकटा पडलेला नागरिक. धर्मपीठाच्या जुलमाविषयी बोलायचे आणि सरकारच्या जुलमाविषयी मौन पाळायचे, किंवा याच्या उलट करायचे, हा आपल्या सार्वजनिक जीवनातील सोयीचा मार्ग आहे. तारकुंडे यांनी तो कधी पत्करला नाही, म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आले.

या कारकिर्दीची मोजदाद जिंकलेल्या खटल्यांवरून केली, तर हाती फारसे लागणार नाही. स्थानबद्धांचा खटला हरला. नथवानी आयोगाच्या अहवालामागे कायद्याचे बळ नव्हते. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या ज्या प्रसिद्ध खटल्यात तारकुंडे यांनीही बाजू मांडली, त्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे मान्य केले, पण झोपड्या हटविण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. असे असूनही आज मागे वळून पाहता काय दिसते? १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरविला, आणि ते शब्द लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्याच यशवंतरावांचे चिरंजीव होते. बहिष्काराच्या प्रश्नावरील १९६२ च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असे सर्वोच्च न्यायालयालाच वाटले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. हरलेल्या खटल्यांतील युक्तिवाद असे एकेक करून कायद्याच्या पुस्तकात परत येतात. मात्र त्यासाठी कोणीतरी ते हरण्याच्या तयारीनेच मांडून ठेवावे लागतात.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालविलेल्या मोहिमेची त्याला पार्श्वभूमी होती. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने तो संमत केला, राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर २०१७ मध्ये तो अमलात आला, आणि १९४९ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. वाळीत टाकणे हा त्यान्वये दखलपात्र गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. धार्मिक विधीत भाग घेण्यास अडविणे, स्मशानभूमी अथवा सामाजिक सभागृह वापरू न देणे, विवाहावरून अथवा पोशाखावरून कुटुंबाशी व्यवहार तोडणे, असे बहिष्काराचे अनेक प्रकार त्यात नमूद आहेत. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. बहिष्कार हे शस्त्र सदैव बलवानांच्याच हाती असते असे नाही. सुप्याच्या दंग्यापूर्वी शिरूर तालुक्यातील कर्डे गावच्या शेतकऱ्यांनी सावकारांशी व्यवहार तोडूनच आपला निषेध नोंदविला होता. दुबळ्यांनी संघटित होऊन बलवानाशी असहकार करणे आणि पंचांनी एखाद्या एकाकी कुटुंबाचे पाणी तोडणे, या दोन गोष्टींना एकाच तागडीत घालता येणार नाही. कोणाच्या हाती बळ आहे आणि कोण एकटा आहे, हे पाहूनच न्याय करावा लागतो.

आणि हे पाहण्याचे काम दिल्लीत होत नाही. या कायद्याखालील खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. म्हणजेच त्यांचे भवितव्य बारामती आणि इंदापूर यांसारख्या तालुक्याच्या गावी ठरते. ठाण्यातील हवालदार फिर्याद कशा शब्दांत लिहून घेतो, साक्षीदार अखेरपर्यंत टिकतो की नाही, गावातील वकील वकीलपत्र घेण्यास धजतो की नाही, यांवर ठरते. ज्या समाजात ऊस एकाच कारखान्याला जातो, पतपेढी, दूधसंस्था आणि शाळा यांच्या कार्यकारिणीवर तीच ती घराणी असतात, तेथे एकट्या माणसाने तक्रार करणे सोपे नसते. ‘मिटवून टाका, गावात राहायचे आहे’ हा सल्ला त्याला सर्वांत आधी मिळतो, आणि तोही बहुधा हितचिंतकांकडून. हा सल्ला म्हणजे नव्या काळातील रोखाच आहे. त्यावर अंगठा उठविणारा आनंदाने उठवीत नाही. पण कागदावर तडजोड दिसते आणि कागद पाहणाऱ्यांचे समाधान होते. म्हणूनच तडजोडीच्या मागे जाऊन पाहण्याची जबाबदारी येते ती शिक्षकावर, ग्रामसेवकावर, कचेरीतील कारकुनावर आणि कायद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यावर. बहिष्कृत घरातील मूल वर्गात एकटे बसते हे सर्वांत आधी शिक्षकाच्या लक्षात येते. सभागृहासाठीचा अर्ज विनाकारण पडून राहिला हे सर्वांत आधी कारकुनाला कळते. फिर्याद थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही दाखल करता येते, हे पीडिताला समजावून सांगण्यासाठी कोणत्याही पदाची गरज नाही.

मोठ्या न्यायालयातील मोठ्या वकिलाची कथा वाचून तालुक्याच्या गावातील माणसाने हे आपले काम नव्हे असे म्हणावे, हा त्या कथेचा सर्वांत चुकीचा अर्थ होईल. न्यायमूर्ती खन्ना एकटे पडले, सरन्यायाधीश सिन्हा एकटे पडले, तारकुंडे अनेकदा हरलेल्या बाजूला राहिले. तरीही त्यांचे शब्द टिकले, कारण त्यांच्यापुढे नाव, गाव आणि तक्रार घेऊन कोणी तरी सामान्य माणूस आधी उभा राहिला होता. त्याने तोंड उघडले नसते, तर कोणत्याही पीठापुढे काही आलेच नसते. मंदिर, मशीद, जमातखाना, गुरुद्वारा आणि चर्च यांना स्वातंत्र्य असलेच पाहिजे; परंतु ते त्यांच्याकडे विश्वस्त म्हणून असते, मालक म्हणून नव्हे. मालक आहे तो त्यांच्या पायरीवर बसणारा, आत जाणारा, आणि कधी आत न जाण्याचे ठरविणारा माणूस. विश्वस्त मालकालाच घराबाहेर काढू लागला, तर कायद्याने ट्रस्टचे कागद चाळत बसावयाचे नसते, मालकाला दार उघडून द्यावयाचे असते. इंदापूरच्या खातेदाराला सरकारने नाव दिले, पण त्याला सावकारापासून वाचविणारा कायदा येण्यास चाळीसहून अधिक वर्षे लागली. राज्यघटनेने व्यक्तीला धर्मस्वातंत्र्य देऊन त्याहून कितीतरी अधिक काळ लोटला आहे. आता केवळ नावावर भागवून घेण्याचे दिवस संपले आहेत.